शिट्टीपुरती फट

समोरचा माणूस बोलायला लागला की काका त्याच्या डोळ्यांकडे नाही, दातांकडे बघत. चहा आला की वास घेत, तोंड वाकडं करत आणि शेवटच्या थेंबापर्यंत पीत. वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचत आणि पहिल्या पानापर्यंत कधी पोचत नसत. एप्रनच्या डाव्या खिशात मेणाचे तुकडे, उजव्या खिशात पेपरमिंट. महिन्यातून एकदा तरी चुकून मेण चघळत. टीव्हीवर फुटबॉल बघताना कॉर्नर किक असली की उभे राहत. राष्ट्रगीत सुरू झालं की टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसत, कारण अकराही जण एकदम तोंड उघडतात अशी ती एकच वेळ. "गोलकीपरचा वरचा सुळा खोटा आहे," हे मला त्यांनी राष्ट्रगीत चालू असतानाच सांगितलं होतं. आपल्या संघाने गोल केला की म्हणत, "समोरच्यांची चूक." समोरच्यांनी केला की म्हणत, "बरोबर आहे."

काका कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवत. काका त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतत, मेणात एकेक दात बसवत, मग मेण काढून त्या जागी पक्का गुलाबी माल भरत, शिजवत, घासत, चमकवत. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल, गॅसची बोटभर ज्योत, प्लास्टरची बादली, फळीवर चिठ्ठ्या लावलेले पांढरे जबडे. कपाटावर टीव्ही. मागच्या खोलीत काका-काकूंचा संसार.

मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. साहित्याची पदवी घेतली आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासते. पहिल्यांदा खाली गेले ती भांडायला. त्यांचं घासायचं यंत्र माझ्या पलंगाच्या बरोबर खाली होतं.

"काका, दात घासताय की रस्ता खणताय?"

"तुला बत्तीस आहेत ना?"

"हो."

"मग वर जा. ज्यांना नाहीत त्यांचं काम चाललंय."

टीव्हीवर सामना सुरू होता. आपला संघ एका फुटकळ देशाशी खेळत होता आणि हरत होता. मी दारातच थांबले. काकांनी मागे न बघता पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. तीन वर्षं मी त्याच स्टुलावर बसले.

एवढा तिरस्कार करणारा चाहता मी दुसरा पाहिला नाही. एकही सामना चुकवला नाही आणि एकाही खेळाडूबद्दल धड शब्द काढला नाही. बचावफळीबद्दल म्हणत, "माझ्या गिऱ्हाइकांच्या हिरड्या यापेक्षा घट्ट असतात." आघाडीच्या दोघांबद्दल म्हणत, "पुढे दोन चकचकीत दात, मागे दाढ एक नाही. हसायला ठीक आहे, चावणार कशाने?" प्रशिक्षकाबद्दल एवढंच, "कोट बरा आहे." कर्णधाराचा राग सगळ्यात जास्त. "हा कर्णधार? फोटोत मधे उभा राहणारा माणूस आहे हा."

उजव्या बाजूला बचावाला एक चौतीस वर्षांचा खेळाडू होता. गुडघ्याला पट्टी, डोक्यावर केस कमी. काका त्याला म्हातारा म्हणत. "म्हातारा आला बघ. याला कुणी घरी बसवत कसं नाही?"

मला वाटायचं, हा त्यांचा स्वभाव आहे. काही माणसं आंबटच असतात. तसंही नव्हतं. भावाशी बोलताना त्यांचा आवाज वेगळा व्हायचा.

भाऊ चार वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना थोरले म्हणायचो. आयुष्यभर रस्त्यांवर रोडरोलर चालवला, आता निवृत्त. हिरड्यांच्या दुखण्याने गेल्या वर्षी त्यांचे सगळे दात काढावे लागले. सामना असला की ते भावाकडे यायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि गप्प बघायचे. गोल झाला तरी गप्प.

त्यांची कवळी काका स्वतः बनवत होते. यंदाच्या कपाची स्पर्धा सुरू होण्याआधीपासून. इतरांची कवळी आठवड्यात हातावेगळी करणाऱ्या काकांचं हे काम दीड महिना चाललं होतं. डॉक्टरांनी मापाबरोबर चिठ्ठी पाठवली होती. त्यावर लिहिलं होतं, 'समोर फट नको.' काकांनी ती चिठ्ठी जबड्याला चिकटवली आणि समोर फट ठेवायला घेतली.

फटीचं माप एका जुन्या फोटोवरून घेतलं होतं. फोटोत तरुण थोरले स्टेडियमच्या पायऱ्यांवर तोंड उघडं टाकून हसतायत आणि वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये फट आहे. काकांनी भिंग लावून ती मोजली. पेपरमिंटच्या डबीचा पुठ्ठा कापून त्याची बारीक पट्टी केली. दोन दात बसवायचे, मधे पट्टी सरकवायची, पट्टी अडकली पाहिजे पण दुमडता कामा नये. मग मेणाची कवळी भावाच्या तोंडात.

"दादा, म्हण सहासष्ट."

"शहाशष्ट."

"परत."

"अरे, किती वेळा शहाशष्ट?"

"फट बरोबर बसेपर्यंत. म्हण."

पहिल्या वेळी फट मोठी झाली. नुसता वारा येत होता. दुसऱ्या वेळी लहान झाली. काका मेण तापवत, दात काढत, पुन्हा बसवत. मी एकदा विचारलं, "काका, एवढी फट कशाला? सगळे लोक तर बुजवून घेतात."

"तू मुद्रितं तपास," ते म्हणाले.

कारण मला काकूंनी सांगितलं. उपांत्यपूर्व सामन्याचा दिवस होता. स्पर्धा दुसऱ्या खंडात होती, त्यामुळे आमच्याकडे सामने दुपारी चारला असायचे. समोरच्यांच्या बचावपटूने स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घातला आणि आपण जिंकलो. काका उठून प्लास्टर आणायला गेले, थोरले घरी गेले. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"विचार त्यांना एकदा," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं शिव्या देतायत, त्या कुणापायी."

"कुणापायी?"

"भाऊजींपायी. तुला शिट्टी माहीत नाही त्यांची?"

मला माहीत नव्हती. थोरले बोटं न घालता, जीभ त्या फटीला लावून शिट्टी मारत. चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जायची. एकतीस वर्षांपूर्वी याच स्पर्धेचा अंतिम सामना आपल्या शहरात होता. दोघे भाऊ स्टेडियममध्ये. शून्य-शून्य, शेवटची दहा मिनिटं. आपल्या गोलकीपरने एक जबरदस्त चेंडू अडवला आणि थोरल्यांनी आनंदाने शिट्टी मारली. बचावपटूंना वाटलं पंचाची. ते थांबले. चेंडू गोलकीपरच्या हातून सुटलेला होता. समोरच्यांनी तो चालत जाऊन जाळ्यात घातला.

"म्हणजे तो कप..."

"गेला. शिट्टी कुणाची ते कुणालाच कळलं नाही. यांना कळलं. हे शेजारीच बसले होते ना." काकूंनी घडी दाबली. "त्या दिवसापासून भाऊजींनी शिट्टी मारलेली नाही. आणि यांनी त्या दिवसापासून संघाला चांगलं म्हटलेलं नाही. म्हणतात, मूर्ख होते ते. पंचाकडे बघायचं, प्रेक्षकांचं कसलं ऐकायचं?"

मी वर गेले. मुद्रितं पुढे घेऊन बसले आणि एकही चूक सापडली नाही.

उपांत्य सामना आपण जादा वेळेत जिंकलो. एकशेअठराव्या मिनिटाला चेंडू कुणाच्या तरी पाठीला लागून आत गेला. समोरच्या सलूनवाल्याने दुकान बंद करून रस्त्यात नाच केला. हा माणूस महिन्याभरापूर्वी मला विचारत होता की एका बाजूला किती खेळाडू असतात. आता त्याच्या गालावर रंग होता. तो काकांच्या दारात येऊन ओरडला, "काका! आपण जिंकलो!"

"आपण?" काका म्हणाले. "तू कुठल्या जागेवर खेळलास?"

"अहो, देश जिंकला म्हणतोय मी."

"कुणाच्या पाठीला लागून जिंकला ते बघितलंस का? त्या पाठीला हार घाल जा."

गल्लीत सगळे असेच झाले होते. ज्यांना ऑफसाइड कळत नाही ते रणनीती सांगत होते. पेढीवरचा कारकून प्रशिक्षक झाला होता. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर सिंह, वाघ, वादळ असली नावं देऊन त्याच अकरा जणांचे फोटो छापले, ज्यांना साखळी फेरीत घरी पाठवा म्हणून त्यांनीच लिहिलं होतं. काका म्हणाले, "तू साहित्य शिकलीस ना? मग सांग, झुंजार विजय म्हणजे काय?"

"झुंजून मिळवलेला."

"नाही. हरायला आलेल्याला हरता आलं नाही की त्याला झुंजार विजय म्हणतात."

अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारी तीनला थोरले आले. काकांनी मेणाची कवळी त्यांच्या तोंडात बसवली. पट्टी सरकवून पाहिली. अडकली, दुमडली नाही.

"दादा, सहासष्ट."

"सहासष्ट," थोरले म्हणाले. दोन्ही 'स' स्वच्छ.

काकांनी हात पुसले. चेहऱ्यावर काही नव्हतं. "राहू दे तोंडातच. चहा प्यायचा नाही, मेण वितळेल. बोलायचं नाही. ओरडायचं नाही. काही चावायचं नाही."

"मग बघायचं का?" थोरल्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"तेवढं बघ."

पहिल्या अर्ध्या तासात समोरच्यांनी गोल केला. "बरोबर आहे," काका म्हणाले. मध्यंतराआधी आपण फेडला. "समोरच्यांची चूक." चौसष्टाव्या मिनिटाला आपल्या मधल्या बचावपटूला लाल कार्ड मिळालं. दहा जण उरले. काका म्हणाले, "बरं झालं. गर्दी कमी झाली." पण त्यांनी पेपरमिंट म्हणून मेण तोंडात टाकलं आणि थुंकलं नाही.

दहा जणांनी तो सामना ओढत नेला. सुंदर काही नव्हतं. चेंडू मिळाला की लांब मारत, पुन्हा धावत, पुन्हा पडत. म्हाताऱ्याच्या गुडघ्याची पट्टी सुटून लोंबत होती. जादा वेळ सुरू झाला.

एकशेअकराव्या मिनिटाला ते झालं. चेंडू आपल्या गोलसमोर घरंगळत होता. प्रेक्षकांतून एक शिट्टी वाजली. लांब, तीक्ष्ण. टीव्हीवरसुद्धा स्पष्ट ऐकू आली. आपला कर्णधार हात वर करून थांबला. दुसरा एक थांबला. समोरच्यांचा आघाडीवीर थांबला नाही. त्याने गोलकीपरला चकवलं आणि चेंडू मोकळ्या जाळ्याकडे ढकलला.

थोरल्यांनी डोळे मिटले होते. मी बघितलं.

म्हातारा थांबला नव्हता. तो त्या गुडघ्यावर धावत आला, घसरला आणि चेंडू रेषेवरून बाहेर मारला. स्वतः जाळ्यात जाऊन पडला.

काका उभे होते. कॉर्नर नव्हता, तरी उभे होते.

"दादा, डोळे उघड."

थोरल्यांनी उघडले. टीव्हीवर तेच पुन्हा दाखवत होते. शिट्टी, कर्णधाराचा हात, म्हातारा.

"बघितलंस?" काका म्हणाले. "शिट्टी वाजली तरी खेळता येतं. पंचाकडे बघायचं असतं. एवढंच करायचं होतं त्यांना तेव्हा. एवढंच."

थोरल्यांना बोलायला मनाईच होती. पण मान हलली.

पेनल्टीवर निकाल लागला. शेवटची म्हाताऱ्याने मारली. धाव घेताना लंगडत होता. चेंडू आत गेला आणि गल्लीत भांडी, डबे, दारं, जे मिळेल ते वाजायला लागलं. काका म्हणाले, "बरी मारली." मी तीन वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेली ती एकच स्तुती. लगेच दचकल्यासारखे झाले आणि म्हणाले, "गोलकीपर चुकीच्या बाजूला गेला म्हणून."

मग भावाकडे वळले. "वाजव."

थोरल्यांनी तोंडाकडे बोट दाखवलं. मेण.

"माहितीये मला मेण आहे. मीच लावलंय. वाजव."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, बोलायचंसुद्धा नाही?" काकू दारातून म्हणाल्या.

"तू गप. दादा, वाजव."

थोरल्यांनी जीभ लावली. छाती भरली. सुरुवातीला नुसती हवा आली. मग आवाज फुटला. बारीक, कापरा, अर्धा सेकंद. आणि समोरचा डावा दात सुटून उडाला, टीव्हीच्या काचेवर आपटला आणि कपाटाखाली गेला.

मग थोरले हसायला लागले. खांदे हलवत, एक दात नसलेल्या मेणाच्या कवळीने. काकूंनी पदर तोंडाला लावला. काका गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घालत होते. तिथूनच म्हणाले, "हा बघ आपला संघ. जिंकल्यावरसुद्धा दात पडतात."

दात सापडला. काकांनी तो धुतला आणि पेपरमिंटच्या डबीत ठेवला. "उद्या बसवतो. परवा पक्की करतो. मग गच्चीवर जाऊन वाजव. सलूनवाल्याच्या कानठळ्या बसू देत."

दुसऱ्या दिवशी दात बसला नाही. काका दिवसभर त्या विजयाचं शवविच्छेदन करत होते. चहा पिता पिता, प्लास्टर ढवळता ढवळता, माझ्याशी, भिंतीशी.

"एकशेवीस मिनिटांत गोलाकडे तीन फटके. तीन. त्यातले दोन प्रेक्षकांत. लाल कार्ड घेतलं ते कशासाठी? चेंडू बाहेर जात होता. आणि तो कर्णधार हात वर करून उभा. एकतीस वर्षांत काही शिकले नाहीत. अकरातला एक शिकला. एकावर कप मिळाला."

"पण मिळाला ना काका?"

"मिळाला. उशिरा मिळाला."

एवढंच म्हणाले. मग बराच वेळ यंत्र चालू ठेवलं. वर जाऊन मी ते ऐकत होते आणि पहिल्यांदाच मला त्या आवाजाचा राग आला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिरवणूक होती. उघड्या बसवर खेळाडू, खाली लोक. मी सुट्टी टाकून खाली आले होते. काकांनी थोरल्यांचा जबडा समोर घेतला. समोरच्या उजव्या दाताला चिकटवून, फटीच्या जागी पट्टी उभी केली. गॅसची ज्योत लावली, मेण लावायची सुरी तापवायला धरली. पेपरमिंटची डबी उघडी होती. टीव्हीवर कर्णधार कप डोक्यावर धरून नाचत होता.

"बघ," काका म्हणाले. "याला कपसुद्धा सरळ धरता येत नाही."

मी टीव्हीकडे बघितलं. खरंच तिरका होता. मी हसले. काका हसले नाहीत. मी वळले तेव्हा त्यांचं डोकं टेबलावर होतं आणि हातातली सुरी ज्योतीतच होती. मी आधी गॅस बंद केला. का ते मला माहीत नाही. आधी गॅस बंद केला आणि मग काकूंना हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, हृदय. क्षणात.

लोक आले. सलूनवाला आला, गालावर अजून रंगाचा डाग होता. म्हणाला, "विजय बघून गेले. समाधानाने गेले." कारकून म्हणाला, "भाग्यवान. सगळी इच्छा पूर्ण झाली." दोन दिवसांत हे मी वीस जणांकडून ऐकलं. सगळ्यांचं तेच वाक्य, सगळ्यांची तशीच हललेली मान. या लोकांना काका ओळखत होते ते बरोबरच ओळखत होते. समाधान? तो माणूस कर्णधाराला शिव्या देत गेला. त्याचं काम टेबलावर अर्धं पडलं होतं. इच्छा पूर्ण झाली म्हणणाऱ्या एकानेही टेबलाकडे बघितलं नाही.

थोरले रोज येतात. भिंतीला टेकून बसतात. काकू चहा देतात. ते टीव्ही लावत नाहीत.

काल दुसऱ्या गल्लीतले कवळ्या बनवणारे गृहस्थ आले. फळीवरची राहिलेली कामं डॉक्टरांनी त्यांना दिली आहेत. जबडे खोक्यात भरले. थोरल्यांचा उचलला, चिठ्ठी वाचली.

"समोर फट नको, असं लिहिलंय की इथे. आणि इथे पट्टी लावून केवढी फट ठेवलीय! चूकच म्हणायची. काही हरकत नाही, बुजवून देतो."

मी थोरल्यांकडे बघितलं. ते खाली बघत होते. एकतीस वर्षं जसे बसले असतील तसे.

"तो राहू दे," मी म्हणाले.

"अहो ताई, पण त्यांना जेवायला..."

"राहू दे म्हणतेय ना."

त्यांनी जबडा टेबलावर ठेवला आणि खोकं घेऊन गेले.

आज सकाळी मी खाली गेले. खिडकी उघडली. मेणावर धूळ बसायला लागली आहे, म्हणून त्यावर एक वाटी पालथी घातली. वरचा समोरचा डावा दात डबीत आहे. तो बसवायचा आहे. शेजारच्या दाताला चिकटून पुठ्ठ्याची पट्टी मेणात तशीच उभी आहे.